जबड्यातली गाठ आणि माझा रिपोर्ट

सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गाठींच्या तुकड्यांच्या काचपट्ट्या भिंगाखाली वाचायचे. जबड्यातल्या सिस्ट मोजक्याच यायच्या. नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्या, पाणी भरलेल्या पिशव्या. फरक असतो तो आतल्या अस्तरात. किडलेल्या दाताच्या मुळाशी होते तिचं अस्तर जाडजूड, वेडंवाकडं, पूपेशींनी भरलेलं. न उगवलेल्या दाढेभोवती होते तिचं पातळ, शांत. या दोन्ही नीट काढल्या की सहसा संपतात. तिसरी केराटिनची, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात त्या द्रव्याची. अस्तर तिचंही पातळच, पण तळाच्या पेशी रांगेत उभ्या आणि वरचा थर लाटालाटांचा. दिसायला सगळ्यांत देखणी. पण ती परत येते, म्हणून पेशंटला वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं.

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराची गाठ आली, तेव्हा सोबतच्या सर्जनच्या चिठ्ठीत होतं: खालची दाढ किडलेली, पू झालेला. मला जाड अस्तर दिसलं, पू दिसला. चिठ्ठीशी जुळलं. ‘दाताच्या मुळाची सिस्ट’ असं लिहून मी सही केली. त्या दिवशी काम फार होतं, असं नंतर मी स्वतःला सांगत राहिले. खरं तर नव्हतं.

तीन वर्षांनी सर्जनने नवा तुकडा काढून बाटली त्या कामगाराच्याच हाती दिली. ती घेऊन तो बायकोबरोबर लॅबमध्ये आला. एक गाल फुगलेला.

“डाक्टर म्हणालं हुतं, गाठ संपली, आता यायचं काम न्हाय,” तो म्हणाला. “मग न्हाय आलो की, बाई.”

पट्टी तयार झाल्यावर भिंगाखाली ठेवली. रांगेतल्या पेशी, वर लाटा. मी कपाटातून त्याची जुनी पट्टी काढली. सुजेनं अस्तराचं रूप बदलतं, म्हणून कडेपर्यंत बघायचं असतं, हे मला शिकवलेलं होतं. एका कडेला, सूज न पोचलेल्या चिमूटभर जागेत, तशाच पेशी उभ्या होत्या.

तोवर आत हाड पोखरलं गेलं होतं. अर्धा खालचा जबडा काढावा लागला. सर्जनला मी चूक सांगितली. “सूज असली की कुणीही फसतं,” ते म्हणाले आणि विषय संपवला.

मला तो संपवता येईना. काही महिन्यांनी पत्ता काढून मी इचलकरंजीला त्याच्या घरी गेले. तो दारात बसून सुताच्या कांड्या भरत होता.

“माग सुटला ह्यांचा,” बायको म्हणाली. “कारखान्यात खडखडाटात ऐकू कुठं येतंय? समदी एकमेकाच्या तोंडाकडं बघून वळखत्यात. ह्यांचं तोंड आता कुणाला कळत न्हाय.”

मी त्याच्यासमोर बसले. “पहिला रिपोर्ट माझा होता. मी चुकले. तेव्हाच कळलं असतं, तर कदाचित जबडा वाचला असता.”

त्याचा हात थांबला. एका बाजूला ओढलेल्या तोंडानं तो काहीतरी बोलला. मला कळलं नाही. तो पुन्हा तेच बोलला, जोरात. मी बायकोकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिनं मान खाली घातली.

“च्या ठेवतो,” म्हणत ती आत गेली.

तो पुन्हा कांड्या भरायला लागला. चहा आला, तो मी प्यायले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.