एका फोनवर दोन घरं

"नवं कशाला लिवतोस रं? हाय त्येच जोड की गड्या!" मी कीबोर्डकडं हात नेला, की शेजारी बसणाऱ्या माझ्या दोस्ताकडून हे यायचंच. वर माझ्या खुर्चीला एक लाथ.

मलकापुरातल्या आमच्या ऑफिसात आम्ही गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचो. कुंडल गावचा हा गडी फंक्शनल प्रोग्रामिंगच्या भाषेत लहान लहान फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे सुटे तुकडे, लिहून ठेवायचा. एक सभासदांची नावं गावाप्रमाणे लावणार, एक मेसेज पाठवणार. प्रत्येकाचं काम एकच, पण कुठल्याही सॉफ्टवेअरला जोडा, चालणारच. त्यांची त्यानं भलीमोठी लायब्ररी केली होती. "लोणच्याच्या बरण्या भरतोस व्हय रं?" म्हणून मी चिडवायचो. तो हसायचा आणि आणखी एक लिहायचा.

एका पावसाळ्यात नदीचं पाणी चढू लागलं. जनावरं कुठल्या छावणीत न्यायची, ते काठच्या प्रत्येक घराला दुपारच्या आत कळायला हवं होतं. मला वाटलं, यालाच आठवडा जाईल. यानं जुनीच फंक्शनं एकापुढं एक जोडली, आणि माझा चहा संपायच्या आत मेसेज सुटलेसुद्धा! तुम्ही असता, तर तुम्हीही माझ्यासारखेच आ वासून बघत राहिला असता.

मग त्यानं नदीकाठी दिलेल्या बहिणीला शेजारच्या तात्यांच्या फोनवर गाठलं. "आक्का, मेसेज आला का?"

"तात्यास्नी आलाय, त्येंच्या छावणीचा. आमचा न्हाई बाबा."

त्याचा चेहरा उतरला. आक्कांकडं फोन नव्हता, म्हणून केंद्रात त्यांनी तात्यांचाच नंबर दिला होता. अशी घरं गावात कितीतरी. आणि एकच नंबर पुन्हा आला, की दुसरं नाव गाळणारं फंक्शन यानंच लिहिलेलं.

"फोन येक म्हंजे घर येक, आसं कसं धरलं रं मी?" त्यानं कपाळावर हात मारला.

त्यानं लायब्ररीतली एकच ओळ बदलली. ते फंक्शन जिथं जिथं जोडलं होतं, तिथं तिथं दुरुस्ती झाली, आणि राहिलेल्या सगळ्या घरांना मेसेज गेले. मी अक्षरशः हात जोडले. संध्याकाळी आक्कांची जनावरं छावणीत पोचल्याचं कळलं, तेव्हा हा वाघ टेबलावर डोकं टेकून रडला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. बसल्या जागी हृदय बंद पडलं. मला अजून पटत नाही.

पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं. त्याच्याच फंक्शनांवर मी मेसेज सोडले. थोड्या वेळानं तात्यांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं आक्का होत्या.

"आवं, मेसेज आला. म्हसरं घिऊन निगालोय आमी." मग म्हणाल्या, "त्येनंच धाडलाय न्हवं?"

"व्हय आक्का," मी म्हणालो. "त्यानंच."