सुभेदार आणि जैविक अस्त्र

जगात जंतूंना सगळ्यात जास्त मान कोणी दिला असेल, तर आमच्या विश्रामबागेतल्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी. फौजेत त्यांनी जैविक अस्त्रांवर एक व्याख्यान ऐकलं होतं. बाकीची पलटण तेव्हा झोपली असावी, कारण पुढे देशाच्या संरक्षणाची सगळी जबाबदारी यांच्या एकट्यावर येऊन पडली. पेढा पुढे केला की ते आधी विचारत, "हात धुतलं व्हतं का?" पंगतीत कुणी खोकलं की भरल्या ताटावरून उठत. एकदा मला दणदणीत शिंक आली आणि मी गमतीनं म्हणालो, "घ्या, जैविक अस्त्र!" त्यांनी मला फाटकाशी उभं करून समजावलं, "उगं कायबी म्हनू नगं गड्या. तुजी शिंक म्हंजी नुसती सर्दी. अस्त्राला जंतू मुद्दाम सोडल्याला लागतोय, आन् दुसऱ्याचं वाटोळं करायचा इरादा लागतोय." मी शिंकेच्या वतीनं माफी मागितली.

विरजण म्हणजे जिवंत जंतूच, म्हणून त्यांच्या घरातून ते देण्याघेण्यावर कडक बंदी होती. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, विरजण मूळचं रहिमतपूरचं, त्यांच्या आईच्या हातचं. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला, असं ते चालत आलेलं. आई गेल्या, माहेरच्या घराला कुलूप लागलं, आणि माहेरचं म्हणून वहिनींकडे तेवढंच उरलं.

गेल्या पावसाळ्यात कॉलनीत तापाची साथ आली. सुभेदारांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि झाडून सगळी भांडी उकळत्या पाण्यात घातली. दह्याचं पातेलंही, आणि रहिमतपूरचं विरजण संपलं. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी बोलणंच सोडलं. विकतच्या दह्याला त्या हात लावेनात. मला सुभेदारांचा खरंच राग आला होता.

एका सकाळी ते रिकामी वाटी घेऊन आमच्या दारात आले. तोंडाला नेहमीचा मास्क नव्हता. "विरजण हाय का? कसलंबी चालंल."

आमच्या हिनं वाटी भरून दिली. "हे वहिनींचंच आहे, भाऊजी. मी परत द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, ज्यांनी उकळलं त्यांनीच मागून आणावं. तुम्ही फिरायला गेलात की त्या भिंतीवरून द्यायच्या. आमच्याकडे रोज तेच लागतं."

सुभेदार वाटीकडे बघत राहिले. "म्हंजी तिनं जंतू मुद्दाम सोडला?"

"हो."

"माज्या नकळत?"

"हो."

मग ते वाटी दोन्ही हातांत धरून म्हणाले, "इरादा लय चांगला व्हता. ह्येला अस्त्र न्हाई म्हनत."

वाटी हिंदकळू नये म्हणून ते अगदी सावकाश घरी गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून, कितीतरी दिवसांनी, वहिनींचा आवाज आला. "हात धुतलं व्हतं का?"

उत्तरादाखल सुभेदारांनी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला, आणि तो सर्दीचा नव्हता.