काचघराबाहेर गेलेली माती

मातीकाकांनी काचघरातल्या झाडांची एकतीस वर्षं उस्तवार केली. बाहेर हवा कशीही असो, आत बारा महिने दमट उकाडा. परदेशी झाडं तिथं लाडावलेल्या जावयासारखी राहायची. कुंडी बदलली की जुनी माती भट्टीत भाजायची, असा नियम दारावरच लिहिला होता. काका तिकडे कानाडोळा करायचे. चांगली काळीभोर माती भाजून मारायची, हे त्यांच्या जिवावर यायचं. ते ती पोत्यांत भरून मागेल त्याला द्यायचे आणि उरलेली कुंपणापलीकडच्या रानात झुडपांना घालायचे. नाव पडलं ते त्यावरूनच.

त्या मातीत पिवळसर, बारीक मुंग्या असायच्या. कुठल्याशा परदेशी रोपाबरोबर आल्या होत्या. पानांचा रस पिणाऱ्या पांढऱ्या पिठ्या ढेकणांना त्या जपायच्या, ढेकणांच्या गोड पाझरानं झाडं चिकट व्हायची. काका पाण्याचा फवारा मारून मोकळे व्हायचे. मुंग्याच त्या, वाघ नव्हेत, असं बायकोला सांगायचे.

मग कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. रानातल्या मोठ्या काळ्या मुंग्या नाहीशा झाल्या होत्या. त्या काळ्या मुंग्याच झुडपांच्या बिया बिळात ओढून न्यायच्या, म्हणून नवी झुडपं उगवायची. आता कुंपणालगत एकही कोवळं रोप नव्हतं. काका तिथून रोज जायचे, पण त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. बाईंनी दगड उलटला, तर खाली पिवळसर थर वळवळत होता. काळ्या मुंग्यांना यांनीच संपवलं, आणि यांना कोणीतरी मातीतून आणलंय, बाई म्हणाल्या. कुठे कुठे गेल्या ते आत्ता कळलं, तर बाकीचं रान वाचेल.

काचघराच्या साहेबांनी काकांना डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

"माती मी टाकली," काका म्हणाले. हजेरी द्यावी तसा आवाज निघाला. एवढं होऊनही आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याची मात्र त्यांना लाज वाटली.

बाईंनी नकाशा पसरला. "आणखी कुठे दिलीत?"

काकांनी शाळेची बाग दाखवली, दवाखान्याचं आवार दाखवलं, मुलीच्या सासरचं अंगण दाखवलं. मग एक उजाड टेकडी दाखवली. तिथं झाडं जगावीत म्हणून त्यांनी दोन गाड्या भरून माती फुकट पाठवली होती. बाई लाल खुणा करत गेल्या. काकांचं बोट कागदाच्या कडेला येऊन थांबलं.

"याच्या पुढचा नकाशा आणलाय का?" त्यांनी विचारलं.