कोल्ह्याच्या काळजाला नसा किती

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक जागा सोडून. ती शेवटी सांगीन. जुन्या जालन्यात ढोरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. ढोरं बरी होऊन घरी जातात, किस्से मात्र तिथंच साचत राहतात. आता निजामी गेली, अन् कैदेत जाता जाता वाचलेला आमचा म्हाळू धनगर सुखानं मेंढ्या राखून राह्यला. तेव्हा बोलायला हरकत न्हाई.

*

आमच्या डॉक्टरसाहेबांना एक नाद. रानातल्या मांसखाऊ जनावरांच्या काळजातून निघणाऱ्या मोठ्या नसा एकमेकींशी ताडून पाहायच्या. पिठाच्या खळीत शेंदूर कालवून ते पिचकारीनं नसांत भरायचे, म्हणजे त्या फुगून लालभडक दिसायच्या. एकदा असं कोल्ह्याचं काळीज मी मागच्या ओट्यावर वाळत ठेवलं. सकाळी पाहतो तर पुढं नारळ फोडलेला, उदबत्ती लावलेली!

साहेब म्हणाले, "खोबरं तुम्ही घ्या. फक्त बघा, झाडणाऱ्या बाईंनी देव समजून हळदकुंकू वाहताना एखादी नस तर तोडली नाही ना."

*

चित्रं मी काढायचो. एकदा कोल्ह्याच्या काळजातून निघणाऱ्या मोठ्या नळीला चुकून तीन फांद्या काढल्या. साहेबांनी चष्मा वर केला. "कंपाउंडर, हा कोल्हा आहे की तुमचा मेव्हणा?"

माणसाला तीन, कोल्ह्या-बिबट्याला दोन, शेळी-मेंढीला एकच. एका जादा फांदीपायी त्यांनी ते चित्र माझ्याकडून सात वेळा काढून घेतलं.

*

जनावरं आणून द्यायचा तो म्हाळू, केदारखेड्याकडचा. साहेबांनी त्याला पढवलं होतं, मेलेलं जनावर दिसलं की काळीज नळीसकट अलगद काढून ठेवायचं. एकदा त्यानं घोंगडीत अख्खं रानमांजर बांधून आणलं. गाठ सोडली, तसं मांजर कपाटावर अन् साहेब टेबलावर.

"म्हाळू, हे मेलेलं नाही."

"घरून निघालं तव्हा मेल्तं, साहेब."

*

मंग ती दुपार. पोलिसांचे अमीनसाहेब म्हाळूला दोरीनं बांधून घेऊन आले. जहागीरदाराच्या शिकारीच्या रानातला बिबट्या गायब झाल्ता. कातडं न्हाई, हाडं न्हाई. म्हाळूच्या झोपडीत सापडलं फक्त एक काळीज, पळसाच्या पानात बांधलेलं, नळीसकट.

"मेंढीचं हाये, साहेब," म्हाळू खाली बघून बोलला.

"बिबट्याचं निघालं तर याला सीधा जेलात टाकतो," अमीनसाहेब म्हणाले. "बोला, डॉक्टरसाब."

साहेब पुडी घेऊन आतल्या खोलीत गेले, त्यांच्या मागं मी. त्यांनी काळीज धुतलं, उलटंपालटं केलं, भिंग लावून नसा मोजल्या. बाहेर येऊन म्हणाले, "फांदी एक. मेंढी." अन् तसं लिहूनही दिलं.

दोरी सुटली. म्हाळू दोन तांबे पाणी गटागटा प्याला. तिसरा मी प्यालो.

आता यात मी रचलं ते एवढंच: धुतलं, उलटलं, मोजलं. साहेब आत नुसते खुर्चीत बसून होते. पानाची गाठसुद्धा त्यांनी सोडली न्हाई. ती मी सोडली, सगळे गेल्यावर.

फांद्या दोन होत्या.