पायऱ्या नसलेलं दार

फिलोमिनाच्या घराचं पुढचं दार जमिनीपासून चार फूट वर होतं आणि त्याला पायऱ्या नव्हत्या. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात निम्म्या घरांची हीच तऱ्हा. येणारा-जाणारा मागच्या दारानं, न ठोठावता, थेट स्वयंपाकघरात. त्यामुळे त्या मंगळवारी पुढून ठकठक ऐकू आली तेव्हाच आलेलं माणूस परकं, हे फिलोमिनानं ओळखलं.

दार उघडून पाहते तर खाली गवतात समाजकल्याण खात्यातली जोडी नावाची तरुणी उभी. छत्रीच्या टोकानं दार बडवत होती बिचारी.

"मागून ये गं पोरी! इकडून यायचं तर शिडी आणावी लागते!"

जोडी घर बघायला आली होती. घरचं काही बिनसलं की काही मुलांना परक्या घरी राहावं लागतं, आईबाप सावरेपर्यंत. तसं एखादं मूल आपण सांभाळावं का, असा विचार फिलोमिना आणि तिचा नवरा लिअँडर करत होते. लिअँडरचा विचार एका दिवसात झाला. फिलोमिनाचा चार महिने चालूच होता. तिची दोन्ही मुलं नोकरीसाठी दूर अल्बर्टा प्रांतात गेलेली, मासळीच्या कारखान्यातून ती निवृत्त झालेली. वेळ उदंड होता, धीर तेवढा नव्हता.

जोडीनं सगळं तपासलं आणि कॉड माशाचे वडे दोनदा मागून घेतले. निघताना म्हणाली, "तेवढ्या पुढच्या दाराला पायऱ्या करून घ्या. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट हवी."

ती गेल्यावर फिलोमिना म्हणाली, "बघ, नाहीच जमायचं. साठ वर्षांचं घर, त्याला आता कुठे पायऱ्या?"

"नाचता येईना अंगण वाकडं!" लिअँडर म्हणाला. "पायऱ्या मी दोन दिवसांत ठोकतो. खरं काय ते बोल."

तेवढ्यात शेजारची एफी नेहमीसारखी आत शिरली आणि खुर्ची ओढून बसली. तिला बघून फिलोमिनाला रडूच फुटलं. "जीव लावायचा, आणि एक दिवस त्याची आई आली की हसत पाठवून द्यायचं? मला नाही जमणार, एफी."

"हसत कशाला? रड की!" एफी म्हणाली. "पोरं अल्बर्टाला गेली तेव्हा आठवडाभर भोकाड पसरलं होतंस, आमचे कान किटले. म्हणून काय त्यांना वाढवायलाच नको होतं?"

फिलोमिनानं नाक शिंकरलं.

"लिअँडर, पायऱ्या बुटक्या कर," ती म्हणाली. "पाय लहान असतील."

सप्टेंबरात सात वर्षांची टेसा आली. नव्या पायऱ्या एकेक करत चढली आणि उघड्या दारावर तिनं टकटक केलं. "अगं, आमच्याकडे कुणी ठोठावत नाही!" फिलोमिना म्हणाली. पण टेसा रोज ठोठावायची. शाळेतून आली की पुढच्या दारी, आपल्या खोलीतून खाली उतरली की स्वयंपाकघराच्या दारी. कुणी 'ये' म्हणेपर्यंत उभी राहायची.

ऑक्टोबर लागला. एका दुपारी फिलोमिना कणीक मळत होती आणि मागचं दार धाडकन उघडलं. चिखलाचे बूट, वाकडी टोपी, ठोठावणं नाही की विचारणं नाही.

"फिलो, भूक लागली!"

"बूट काढ आधी!" फिलोमिना ओरडली. इतक्या आनंदानं ती कुणावरच ओरडली नव्हती.