दामूअण्णांचं तिसरं मशीन

दामोदर उकिडवे मूळचे संगमेश्वरचे. चंदीगडला तीस सेक्टरातल्या प्रयोगशाळेत आम्ही एकाच विभागात होतो आणि क्वार्टरही शेजारी-शेजारी. वयाने मोठे म्हणून मी त्यांना दामूअण्णा म्हणायचो. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. पण एक नाद होता, आणि तो ऐकला की लोक हसत. वरून कपडे टाकायची जुनी अमेरिकन वॉशिंग मशिनं शोधून आणायची, दुरुस्त करायची आणि ती चालताना बघत बसायचं.

पहिलं मशीन त्यांना चंदीगडला लागूनच असलेल्या मनीमाजऱ्याला भंगार घेणाऱ्या एका कबाड्याकडे मिळालं. अमेरिकेहून परतलेल्या कुणा डॉक्टरचं होतं, आणि कबाड्याच्या कोंबड्या त्याच्या टबात अंडी घालत होत्या. अण्णांनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं तेव्हा शालूवहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, घरात माणसं तीन. कपडे धुवायला एवढं धूड?"

"कपडे धुवायला कुठे आणलंय?" अण्णा म्हणाले.

मोटर जळलेली होती. ती घेऊन ते जगीर सिंगांकडे गेले. मनीमाजऱ्याच्या बाजारात जगीर सिंगांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं; पंखे, पंप, कूलर असली कामं. पन्नाशीचे, पोट सुटलेले, मोठ्याने हसणारे. त्यांनी मोटर नव्याने गुंडाळली, पण पैसे घ्यायच्या आधी म्हणाले, "उकिडवे साब, पहिले चला के दिखाओ."

मागच्या अंगणात ट्रान्सफॉर्मर लावून मशीन सुरू केलं. झाकण उघडलं की बंद पडायची सोय अण्णांनी काढून टाकली होती. टबात पाणी भरलं, मधला दांडा रवीसारखा मागे-पुढे घुसळायला लागला, आणि चादरीचं एक टोक वर आलं, पालटलं, खाली गेलं. तिकडची वीज साठ सायकलची, आपली पन्नासची, म्हणून मशीन इथे जरा संथ चालायचं. अण्णांना तो संथपणाच आवडायचा. जगीर सिंगांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. "चल पई! ओ जी, चल पई!"

मग रविवारी ते येऊ लागले. त्यांच्या पत्नी, बलबीर कौर, बरणीभर शलगमचं लोणचं पाठवत. ते आणि अण्णा वेताच्या मोढ्यांवर बसून चहा पीत आणि घरातल्या धुतलेल्याच चादरी पुन्हा धूत. अण्णांची मुलगी वीणा आतून हिंदीत ओरडायची, "पापा, मेरी यूनिफॉर्म मत डालना!" दुसरं मशीन आलं तेव्हा कॉलनीत आम्ही त्या अंगणाला धोबीघाट म्हणायला लागलो होतो.

बाहेर दिवस वाईट होते, पंजाबात अतिरेकी आणि पोलीस दोघांचीही भीती. रस्तोरस्ती नाके, बसमधून उतरवून झडती, अंधार पडला की गाड्या बंद. ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब निघाल्यापासून लोक रस्त्यावर पडलेल्या छत्रीलाही हात लावत नसत. जगीर सिंग म्हणत, "पगडी देखकर पुलिस रोकती है, स्कूटर देखकर वो दूसरे." आणि हसत.

अठ्ठ्याऐंशी साली आठ सेक्टरातल्या एक म्हाताऱ्या बाई घर विकून कॅनडाला मुलांकडे निघाल्या. त्यांच्या गॅरेजमध्ये फिकट हिरव्या रंगाचं मशीन होतं. गंज नाही, टवका नाही. अण्णा इतके हरखलेले मी कधी पाहिले नव्हते. फक्त टायमर मेलेला. गोल बटणामागे मुठीएवढी डबी असते, आत घड्याळासारखी चक्रं. पाणी कधी घ्यायचं, कधी पिळायचं, ते ती ठरवते. दोन चक्रांचे दात झिजले होते.

"राजपुऱ्याला एक म्हातारा घड्याळवाला आहे," जगीर सिंग म्हणाले. "नवी चक्रं कापून देईल. मला जायचंच आहे."

अण्णांनी टायमर सोडवला. तारांचे रंग उडाले होते. कुठली तार कुठे हे कळावं म्हणून त्यांनी प्रत्येकीचा वीतभर तुकडा तसाच ठेवला आणि डबी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. चार दिवसांनी काम झालं. जगीर सिंग ती घेऊन परत येताना एका नाक्यावर शिपायांनी त्यांच्या स्कूटरची डिकी उघडली. घड्याळाची चक्रं आणि लोंबत्या तारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बलबीर कौर आमच्या कॉलनीत आल्या. मागून येणाऱ्या एका दूधवाल्याने सगळं पाहिलं होतं. "त्यांना जीपमध्ये घातलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सरकारी माणूस आहात, भाईसाब. सांगा ना त्यांना, ते कपडे धुवायचं यंत्र आहे."

अण्णा तसेच निघाले. चौकीत त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी परत पाठवलं. प्रयोगशाळेतल्या साहेबांकडे गेले तर साहेब दार लावून म्हणाले, "उकिडवे, ह्यात पडू नका. आपलं नाव यात येता कामा नये." तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "गुरुनाथ, टेम्पो बघ. बोलून त्यांना कळत नाही. मशीनच नेऊन दाखवू."

हिरवं मशीन आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन आम्ही चौकीच्या आवारात गेलो. शिपायांना आधी गंमत वाटली. मग ठाणेदार बाहेर आला; चष्मा लावलेला, शांत बोलणारा तरुण. त्याने अण्णांचं सगळं ऐकलं आणि आतून टायमर आणायला लावला. अण्णा सांगत गेले आणि पेचकस मी फिरवला. तारा जोडल्या. आवारातल्या नळाचं पाणी बादल्यांनी ओतलं. एका हवालदाराने आपला टॉवेल आत टाकला.

मशीन चाललं. घुसळून झालं, मग आतून कट् असा आवाज येऊन ते थांबलं, पाणी सोडलं आणि टब गरागरा फिरायला लागला. घड्याळवाल्याने काम चोख केलं होतं. शिपाई खूष. हवालदार पिळलेला टॉवेल सगळ्यांना दाखवत होता.

ठाणेदार म्हणाला, "ठीक आहे. वॉशिंग मशीनच आहे."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून म्हणाले, "मग साहेब, जगीर सिंगांना सोडा. मी घरी नेतो त्यांना."

"त्याला तर त्याच दिवशी सोडलं," ठाणेदार म्हणाला. "घरी नाही पोचला का?"

हवालदाराने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो आत निघून गेला. भिंतीकडे बोट करून अण्णा म्हणाले, "साहेब, त्यांची स्कूटर इथेच उभी आहे."

ठाणेदाराने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही महाराष्ट्राचे ना? नोकरीला आलात. नोकरी करा." मशीनही परत मिळालं नाही. तपासासाठी लागेल, म्हणाले.

त्यानंतर अण्णा सुट्ट्या टाकून बलबीर कौरांबरोबर फिरले. राजपुरा, पटियाला, चौक्या, इस्पितळं, शवागारं. एके ठिकाणी बेवारस प्रेतांचे कपडे दाखवले, त्यात जगीर सिंगांचं काही नव्हतं. येताना बसमध्ये बलबीर कौरांनी अण्णांना विचारलं, "तारा कुणी ठेवल्या होत्या? त्यांनी की तुम्ही?"

"मी," अण्णा म्हणाले.

बलबीर कौर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मनीमाजऱ्याला उतरल्या आणि पुन्हा कधी आमच्या कॉलनीत आल्या नाहीत.

राहिलेली दोन मशिनं अण्णांनी कबाड्याला देऊन टाकली. मी म्हटलं, "अण्णा, निदान एक तरी ठेवा." ते म्हणाले, "चालू करवत नाही आणि बंद बघवत नाही." कबाड्याने तांबं काढायला अंगणातच घण घातला. शालूवहिनी, ज्यांनी त्या धुडांना वर्षानुवर्षं नावं ठेवली होती, त्या आतल्या खोलीत रडत होत्या.

अण्णा निवृत्त झाले आणि संगमेश्वरला परत जायचं ठरलं. जायच्या आधी ते मला घेऊन चंदीगडजवळच्या डेराबस्सीला गेले. दुकान बंद पडल्यावर बलबीर कौर भावाकडे राहून तिथल्या औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं काम करत होत्या. पाळी सुटली आणि त्या फाटकातून बाहेर आल्या. खूप वाळल्या होत्या. अण्णांना पाहून थांबल्या.

"गाव जा रहे हो?"

"हां, बहनजी."

"कुणी म्हणालं, नाभ्याच्या जेलमध्ये दिसले. मी गेले होते. दुसराच माणूस निघाला." ओढणीचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, विटलेली निळी ओढणी होती. "सासरचे म्हणतात, आता पांढरी घे. घेऊ कशी? आणि ही तरी कशी घालू?"

अण्णा काहीतरी बोलायला गेले. पण बस लागली होती, बाकीच्या बायका हाका मारत होत्या, आणि त्या त्यांच्यात जाऊन चढल्या. बस सुटली तरी अण्णा तिथेच उभे होते. शेवटी मीच त्यांच्या दंडाला धरून त्यांना रस्त्यापलीकडे नेलं.

जगीर सिंगांचं काय झालं, ते आजतागायत कुणालाच कळलेलं नाही.