नाकं तपासणारी खोली

वहीत रोज चार ओळी लिहायची मला सवय आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, बाकीचं अक्षर वहीनंच वळवलं. दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा वाटलं, इथे लिहिण्यासारखं काय असणार? पण जिथे बाळं तळहाताएवढी आणि नातेवाईक टांगाभर, तिथे किस्से साठायला वेळ लागत नाही. एकाची शाई वाळते न वाळते तोच दुसरा दारात उभा.

सुरतेतल्या त्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची एक खोली होती, व्हरांड्याकडून काच लावलेली. मी तिथला वॉर्डबॉय, आणि मंजुलाबेन सिस्टर इनचार्ज.

*

आपली साधी सर्दीसुद्धा सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या जिवावर बेतते, हे सिस्टर रोज सांगत. म्हणून दारात आलेल्याचं तोंड त्या बघतच नसत. "नाक बतावो!" नाक ओलं दिसलं की माणूस बाहेर, मग तो शेठ असो की साहेब.

एकदा चौकबाजारात एक बाई त्यांच्याशी पाच मिनिटं बोलत होत्या. कोण ते सिस्टरना काही केल्या आठवेना. शेवटी बाईंनी पदरानं नाक पुसलं, तशा सिस्टर खुलल्या. "हां, तीन नंबरच्या बाळाची मामी!"

माझं म्हणाल तर, निम्मं आयुष्य मी लोकांच्या दाराबाहेर उभं राहून काढलेलं. इथे कोपरापर्यंत हात घासले, तोंडाला फडकं बांधलं, की मी आत आणि सगळं सुरत बाहेर. नोकरी मला आवडायची.

*

हिम्मत पाटलाची मुलगी आली तेव्हा पावणेतीन पौंडांची होती. किलो येऊन वर्षं झाली होती, पण सिस्टर बाळं पौंडातच मोजत.

हिम्मत अमळनेरकडचा, इथे लूमवर कामाला. नाकात धाग्यांची धूळ बसून लूमवाल्यांचं नाक बारा महिने वाहतं. ही सर्दी नाही, धूळ आहे, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. नाक मला तसं सांगत नाही, म्हणाल्या सिस्टर.

हिम्मत हट्टी. त्यानं चार दिवस रजा टाकली आणि नाक वाळवायला बारडोलीला मेव्हण्याच्या शेतावर जाऊन राहिला. पाचव्या दिवशी कोरडं ठणठणीत नाक घेऊन ऐटीत हजर. सिस्टरांनी नाक पास केलं. मग हात धुवायला त्यानं गार पाण्यात हात घातले आणि ओळीनं सात शिंका दिल्या.

परत काचेबाहेर.

*

हिम्मतची आई जिजामाय दिवसभर व्हरांड्यात बसून असे. डॉक्टरांनी तिला समजावलं, की ही सर्दी व्हायरसनं होते आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

"दिसत नाही तर तुम्हाला सापडला कसा?"

डॉक्टर म्हणाले, त्याच्यावर औषधही नाही, बाळाला शिवायचं नाही हाच इलाज.

"म्हणजे विटाळच की," जिजामाय म्हणाली. "त्याला एवढं शिकायला लागतं?"

मीही अमळनेरकडचा हे कळल्यावर ती माझ्याशी बोलू लागली. गाव विचारलं, सांगितलं. तिच्याच शेजारचं निघालं. मग वस्ती विचारली, तीही सांगितली. जिजामायनं पदर सावरला आणि जरा सरकून बसली. त्या दिवसापासून तिला माझ्या हातचं पाणी नको झालं. नातीचे लंगोट मात्र मीच बदलत होतो. वहीत मी लिहिलं: पाणी बंद, लंगोट चालू.

*

अकराव्या दिवशी सर्दी आत शिरलीच. पाच बाळांपैकी तिघांची नाकं बंद. कुणी आणली ते कळलं नाही. सिस्टरांनी आम्हा सगळ्यांची नाकं नव्यानं तपासली, मग आरशासमोर जाऊन स्वतःचं.

पाटलांची मुलगी दुपारी दोनदा निळी पडली. दोन्ही वेळा सिस्टरांनी तळपायाला टिचकी मारली, तेव्हा कुठे तिला श्वास घ्यायची आठवण झाली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काहीच सांगता येत नाही. सिस्टर आणि मी सोडून आत कुणीही जायचं नाही.

*

दुसरा दिवस बारशाचा. जिजामायनं एकच धरलं होतं, पोर बिननावाची जाऊ द्यायची नाही. आत्यानं कानात नाव सांगायचं आणि बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. आत्या नंदुरबारहून आली, ती वाहतं नाक घेऊनच. सिस्टर दारात आडव्या झाल्या.

मीच सांगते नाव, सिस्टर म्हणाल्या. जिजामायला ते पटेना. पोरीच्या कानात पहिला शब्द आपल्या बोलीतला पडला पाहिजे. तिनं काचेतून माझ्याकडे बोट केलं. "तो मना गावकडना शे. तोच सांगी."

व्हरांड्यातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जिजामायनं कुणाकडेच बघितलं नाही.

हिम्मतनं कागदावर नाव लिहून काचेला लावलं: यमुना. मी हात घासले, बाळाला उबेत ठेवलेल्या पेटीवर वाकलो आणि फडक्याआडून हळूच सांगितलं. बाहेर बायकांची पंचाईत, धपाटे घालायची पाठ आत! मग त्यांनी खऱ्या आत्यालाच बडवलं. त्या दणक्यानं तिला अशा शिंका लागल्या, की सगळी काच धूसर झाली. सिस्टर आतून शांतपणे म्हणाल्या, "म्हणून म्हणत होते."

काच पुसायला मलाच जावं लागलं.

*

यमुनाचं नाक आठवड्यानं मोकळं झालं. साडेचार पौंड भरल्यावर तिला घरी सोडायचं ठरलं. यमुनाच्या आईच्या अंगात अजून उभं राहायचं त्राण नव्हतं आणि पाटलांच्या घरात एकही नाक कोरडं नव्हतं, तेव्हा टांग्यापर्यंत बाळ मी न्यावं असं जिजामायनं ठरवलं.

दारात एक डॉक्टर रजिस्टर घेऊन बसलेले, नवीनच आलेले. बाळ ज्याच्या हातात, त्याचं नातं लिहायचा नियम. मी खाकी कपड्यांत, मिशी भरघोस, हातात यमुना.

"तुम्ही बाळाचे कोण?"

जिजामाय पुढे झाली.

"लिहा, आत्या."

डॉक्टरांनी माझ्या मिशीकडे पाहिलं. जिजामायकडे पाहिलं. आणि लिहिलं.